टूरिंग बाईकच्या मागच्या चाकाला कारचा टायर बसवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा सिलिंडरची जड टूरिंग बाईक, बहुतेक प्रवास महामार्गावरचा, मागे बसायला जोडीदार आणि तीन डबे भरून सामान. मागचा टायर दर बारा-पंधरा हजार किलोमीटरला मधोमध सपाट होऊन संपतो. सोबत फिरणाऱ्या दोघांनी मागच्या चाकाला कारचा टायर बसवलाय, त्यांचा अजून निम्मासुद्धा झिजलेला नाही, आणि दोघंही म्हणतात की एकदा बसवून तर बघ. बसवावा का?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ‘असला मूर्खपणा कुणी करतं का’ म्हणत हा विषय झटकणाऱ्यांतला मी नाही. टायर काढणं-बसवणं हा माझा रोजचा धंदा. कारचे टायर लावलेल्या बाईक माझ्या हाताखालून गेल्यात, काही चालवूनही पाहिल्यात. हा प्रकार करणारे लोक सहसा नवशिके नसतात. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याच्या फेऱ्या केलेली, स्वतःच्या गाडीचा नट न नट ओळखणारी माणसं असतात ती. म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो, कारण तिच्यातलं बरंचसं खरं आहे.

उदाहरण म्हणून होंडाची गोल्ड विंग जीएल१८०० घेऊ, कारण हा प्रयोग सर्वात जास्त तिच्यावरच होतो. २००१ ते २०१७ या काळातल्या मॉडेलला मागे १८०/६० आर१६ टायर येतो, म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंचांची. टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, म्हणजे भार निर्देशांक, ७४, म्हणजे ३७५ किलो. त्याच्या जागी लोक १९५/५५ आर१६ हा कारचा टायर बसवतात, त्याचा निर्देशांक ८७, म्हणजे ५४५ किलो. व्यासाचा हिशेब केला तर पहिला सुमारे ६२२ मिलिमीटर, दुसरा ६२१. फरक जवळपास नाहीच, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जागच्या जागी राहतं. गाडीचं स्वतःचं वजन चारशे किलोच्या आसपास, इंजिन १८३२ सीसीचं, सगळी ताकद त्या एका चाकातून रस्त्यावर उतरते. अशा गाडीखाली मोटारसायकलचा मऊ रबराचा टायर झिजणार हे उघड आहे. कारच्या टायरचं रबर कठीण, नक्षी खोल, आणि त्याच्या क्षमतेच्या मानाने भार हलका. तो दुप्पट-तिप्पट चालतो, क्वचित त्याहूनही जास्त. हे आकडे कोणी फुगवून सांगत नाही.

सरळ रस्त्यावर गाडी बसल्यासारखी चालते, हेही खरं. सांधे, खड्डे जरा मऊ लागतात. मागचा ब्रेक दाबला तर चाक पटकन लॉक होत नाही, कारण रस्त्याला टेकलेला पट्टा रुंद असतो. ‘ब्रेकिंग अंतर कमी झालं’ असं सांगणारे याच अनुभवावरून सांगतात. इथे मात्र मला पहिली शंका आहे. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. गोल्ड विंगसारख्या लांब गाडीतसुद्धा, एकटा चालक असेल तर, कडक ब्रेकिंगच्या वेळी मागच्या चाकावर एकूण वजनाचा चौथा किंवा फार तर तिसरा हिस्सा उरतो. थांबवण्याचं खरं काम पुढचा टायर करतो, आणि तो तर पूर्वीचाच आहे. मागे कितीही रुंद रबर लावलं तरी त्यावर भारच नसेल तर त्याचा उपयोग किती होणार? फायदा होतो, पण जितका सांगितला जातो तितका नाही. माणसाला मागच्या ब्रेकचा विश्वास वाटायला लागतो आणि तो विश्वासच त्याला ‘गाडी जास्त चांगली थांबते’ असं सांगत राहतो.

आता वळणाकडे येऊ.

मोटारसायकल झुकून वळते. ६० किलोमीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर गाडी साधारण ३० अंश झुकावी लागते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, गाडी कोणतीही असो. मोटारसायकलच्या टायरचा छेद गोलसर असतो तो यासाठीच. शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत कुठेही झुकवा, रस्त्याला टेकणारा पट्टा आकाराने साधारण तेवढाच राहतो आणि हळूहळू, सलगपणे बाजूला सरकत जातो. चालकाच्या हाताला तो बदल एकसारखा जाणवतो. जितकं ढकलाल तितकी झुकेल.

कारचा टायर सपाट असतो, कारण त्याला झुकायचंच नसतं. कार स्टिअरिंग फिरवून, टायरला थोडं तिरपं ओढून वळते. तोच टायर बाईकखाली घालून झुकवला की पहिल्या काही अंशांतच भार मधून आतल्या कडेवर जातो. चौरंग एका कडेवर तोलून धरावा तशी अवस्था. फरक एवढाच की कड रबराची असल्यामुळे ती दबते, बाजूची भिंत वाकते आणि नक्षीचा थोडा भाग रस्त्याला धरून ठेवते. टेकण्याची जागा झटकन आत सरकल्यामुळे गाडी उभी राहायला बघते. मग आतल्या बाजूच्या हँडलवर दाब द्यावा लागतो, आणि वळण संपेपर्यंत तो धरून ठेवावा लागतो. सोडला की गाडी सरळ व्हायला लागते, म्हणजेच वळणाच्या बाहेरच्या कडेकडे जायला लागते.

कारचा टायर लावणारे म्हणतात की याची सवय होते. होते, यात वाद नाही. एक-दोन दिवसांत हात आपोआप दाब द्यायला शिकतात. लांब, मोकळ्या वळणांवर तर काही जाणवतही नाही. त्यांचे व्हिडिओ बघितलेत तर दिसेल की ही माणसं भरपूर झुकवतात, पायदानं घासेपर्यंत झुकवतात, आणि टायर सुटत नाही. एकदा मी अशा एका टायरच्या खांद्यावर आणि बाजूच्या भिंतीवर खडूचे आडवे पट्टे ओढले आणि गाडी वळणावळणाच्या रस्त्यावरून फिरवून आणली. परत आल्यावर खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघितलं. नक्षी जिथे संपते त्याच्याही पलीकडे, भिंतीवरची अक्षरं सुरू होतात तिथपर्यंत रबर रस्त्याला घासलेलं होतं. पकड होती, पण ज्या रबरावर ती होती ते रस्त्यावर चालण्यासाठी बनवलेलंच नाही. तिथे नक्षी नाही, पाणी जायला वाट नाही, खाली जाड थर नाही.

तरीही, ठरवून घेतलेल्या वळणात हा टायर साथ देतो असं मी म्हणेन. माझी हरकत न ठरवलेल्या हालचालीला आहे.

वेग ऐंशीचा आहे, समोरच्या ट्रकखालून फुटलेल्या टायरचा तुकडा किंवा एखादा दगड बाहेर येतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुमच्याकडे दीड-दोन सेकंद आहेत. तेवढ्यात गाडी एका बाजूला झुकवायची, अडथळा चुकवायचा आणि लगेच उलट बाजूला झुकवून आपल्या लेनमध्ये परत यायचं. गोल टायरवर ही एकाच लयीतली हालचाल असते. सपाट टायरवर तिचे तुकडे पडतात: आधी मधल्या सपाट भागावरून कडेवर चढायचं, तिथे जास्त जोर; मग परत सपाटीवर, तिथे गाडी आपणहून उभी राहू पाहणार; मग पलीकडच्या कडेवर, पुन्हा जोर. किती ढकललं की किती झुकेल याचं प्रमाण दर टप्प्यावर वेगळं. सावकाश जाताना सवय झालेला हात अशा वेळी सवयीने चालत नाही, घाबरून चालतो. जो ताकदीचा अंदाज सरावाने बसवलाय तो नेमका इथे चुकतो. ज्या मित्रांच्या अनुभवावर तुम्ही विसंबणार आहात त्यांना हे विचारा, की त्यांनी मोकळ्या मैदानात, अचानक खूण मिळाल्यावर, ऐंशीच्या वेगाने ही हालचाल कधी करून बघितली आहे का. सरळ रस्त्यावरचे हजारो किलोमीटर या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

रस्ता सपाट नसेल तेव्हाही हेच होतं. रस्त्याचं डांबरीकरण अर्धवट सोडलेलं असतं, नव्या थराची तीन-चार सेंटिमीटरची पायरी लेनच्या बाजूने लांबच लांब गेलेली असते. तिच्यावर तिरपं चढावं लागलं की गोल टायरचा टेकण्याचा बिंदू थोडासा सरकतो. सपाट टायरचा पूर्ण भार एका क्षणात पायरीच्या बाजूच्या कडेवर जातो आणि गाडीला आडवा धक्का बसतो. जड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत, मध्ये उंच आणि कडेला उतरत्या रस्त्यावर, खडीच्या काठावर, सगळीकडे मागचं चाक रस्त्याचा उतार शोधत राहतं. पार्किंगमध्ये सावकाश यू-टर्न घेतानाही हे पहिल्यांदा ठळक जाणवतं. गाडी अवजड झाल्यासारखी वाटते.

यावर त्यांच्याकडे उपाय आहे: हवा कमी ठेवायची. जीएल१८००च्या मागच्या टायरला कंपनीने ४१ पीएसआय सांगितलंय. कारचा टायर लावणारे ३०च्या आसपास, काही जण त्याहूनही खाली ठेवतात. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, नक्षीचा जास्त भाग रस्त्यावर राहतो, झुकवायला सोपं जातं. हे बरोबर काम करतं. पण टायर रिमवर घट्ट बसून राहतो तो हवेच्या दाबामुळेच. वळणात जवळजवळ सगळा भार आतल्या भिंतीवर, बाहेरची भिंत सैल. अशा वेळी दाब कमी करणं म्हणजे बीडला, टायरच्या रिमवर बसणाऱ्या आतल्या कडेला, जागेवरून हलायला वाव देणं. चांगलं झुकायला कमी हवा लागते आणि रिमवर टिकायला जास्त. दोन्हीला पुरेल असा आकडा गेजवर सापडत नाही. भिंत मुळातच ताठ म्हणून काही जण रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा, टायर घेतात. त्याने रिमचा प्रश्न थोडा हलका होतो, पण वजन आणखी वाढतं आणि झुकताना कडेवर तोलण्याचा प्रकार जास्त कडक होतो.

भार निर्देशांकाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. ५४५ किलो हा आकडा टायर सरळ उभा, दोन्ही भिंतींवर भार वाटलेला, आणि ठरावीक दाब भरलेला, या स्थितीतला आहे. कारच्या टायरची मान्यता एका नियमावलीखाली, संयुक्त राष्ट्रांच्या आर३० खाली, होते आणि मोटारसायकलच्या टायरची आर७५ खाली. पहिल्यातला मोठा आकडा घेऊन दुसऱ्यातल्या लहान आकड्याशी तुलना करायची आणि ‘हा तर जास्तच मजबूत’ म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही.

रिम हा तर माझ्या दृष्टीने सर्वात गंभीर भाग आहे, आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. दोन्ही टायरांवर १६ लिहिलंय म्हणून दोन्ही एकाच रिमवर बसतात असं नाही. कारच्या रिमवर रुंदीच्या आकड्यानंतर ‘जे’ असतं, मोटारसायकलच्या रिमवर आकड्याआधी ‘एमटी’. या खुणा रिमच्या कडेच्या आकाराच्या आहेत. बीड जिथे टेकतो त्या जागेची ठेवण, कडेची गोलाई, बीड आत घसरू नये म्हणून असलेला उंचवटा, यांची मापं दोन्हींत सारखी नाहीत. फरक मिलिमीटरच्या हिशेबातले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पण टायर तिथेच धरला जातो आणि हवाही तिथेच अडवली जाते.

बसवताना हे हाताला कळतं. मोटारसायकलचा टायर साबण लावून रिमवर घातला, हवा भरली, की एक ‘टक्’, मग दुसरा ‘टक्’, आणि भिंतीवरची बारीक रेषा रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर येते. कारचा टायर या रिमवर चढवला तर पुष्कळदा एक बाजू बसते आणि दुसरी अडून राहते. कारच्या कितीतरी टायरांवर स्पष्ट छापलेलं असतं की बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. इथे चाळीसला काही होत नाही. मग माणूस पन्नासला जातो, साठला जातो, काही जण त्याच्याही खूप वर. बीडच्या आत तारांचं वेटोळं असतं. एका जागी अडकलेला बीड दाबाखाली ताणला गेला की ती तार तुटू शकते, आणि तुटली की टायर स्फोटासारखा फुटतो. टायर बसवणाऱ्याची बोटं, मनगट, चेहरा समोरच असतात. तार अर्धवट तुटली तर आणखी वाईट, कारण बाहेरून काही दिसत नाही आणि टायर गाडीला लागून रस्त्यावर जातो. तुमच्या ओळखीचा मेकॅनिक हे काम करायला नकार देत असेल तर तो आळशी किंवा भित्रा नाही.

असाच एक टायर मी काढला होता, बराच चाललेला. आधीच्या कुणीतरी बसवताना व्हॉल्व्हसमोर टायरवर पिवळी खूण केली होती. काढताना ती खूण व्हॉल्व्हपासून चार बोटं सरकलेली होती. म्हणजे जोराच्या वेग-ब्रेकमध्ये टायर रिमवर फिरला होता. आतून रिमवर, बीड टेकतो त्या पट्ट्यात काळी रबराची भुकटी साचलेली, आणि बीडची आतली धार एका बाजूला घासून पातळ झालेली. मालकाला यातलं काहीच जाणवलं नव्हतं. हवासुद्धा टिकून होती. होंडाच्या मोटारसायकलींच्या मालक-पुस्तिकेत नेमका हाच इशारा छापलेला असतो: कारचा टायर मोटारसायकलच्या रिमवर बसवू नका, बीड नीट बसणार नाही, टायर रिमवर घसरेल आणि हवा जाऊन ताबा सुटेल. चालवण्याच्या कौशल्याने झुकण्याची अडचण काही प्रमाणात भरून काढता येते. बीड सुटला तर कौशल्य कामाला येत नाही, म्हणून माझं ‘नाही’ मुख्यतः इथून येतं.

पावसाबद्दल उलटसुलट ऐकू येतं. थोड्या ओल्या रस्त्यावर, सरळ जाताना, कारच्या टायरची खोल नक्षी चांगलं काम करते. हे खरं आहे. साचलेल्या पाण्यात गोष्ट बदलते. गोल टायरचा टेकणारा भाग अरुंद आणि लांबट असतो, तो पाणी दोन्ही बाजूंना कापत जातो. रुंद सपाट टायरपुढे पाणी साचतं आणि तो त्यावर चढतो. नासातल्या प्रयोगांतून १९६०च्या दशकात एक ढोबळ सूत्र निघालं: पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल किंवा नक्षी झिजलेली असेल तर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, ताशी मैलांत, साधारण १०.३५ गुणिले दाबाचं वर्गमूळ. ४१ पीएसआयला तो ताशी १०७ किलोमीटर येतो, ३० पीएसआयला ९१. हे सूत्र विमानांच्या टायरांवरून आलंय, त्यामुळे बाईकसाठी नेमका आकडा म्हणून वापरू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे: हवा कमी केली की तरंगण्याचा वेग खाली येतो. आणि हा टायर वर्षानुवर्षं टिकणार, म्हणजे नक्षी अर्धी उरलेली असतानाही तुम्ही तो भर पावसात चालवणार.

टिकाऊपणाची एक बाजू लोक विसरतात. रबर किलोमीटरने झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. भिंतीवरच्या चार आकडी तारखेत पहिले दोन अंक आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. चाळीस हजार किलोमीटर चालणारा टायर वर्षाला सहा-सात हजार फिरणाऱ्या माणसाकडे सहा वर्षं राहतो. नक्षी शिल्लक दिसते म्हणून कोणी तो काढत नाही.

कायदा आणि विमा यांवर फार लिहीत नाही, कारण ते देशागणिक बदलतं. काही ठिकाणी वाहनाच्या मान्यतेत टायरचं माप आणि प्रकार लिहिलेला असतो आणि तपासणीत गाडी नापास होते, काही ठिकाणी कुणी विचारत नाही. पण अपघात झाला आणि समोरच्या बाजूच्या वकिलाने मालक-पुस्तिकेतलं ते एक पान पुढे केलं तर तुमच्याकडे काय उत्तर आहे, हे आधीच ठरवून ठेवा. ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आणि वेग देताना चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, यांचंही आधी बघून ठेवा. नव्या गाड्यांत ही यंत्रणा दोन्ही चाकांच्या वेगांची तुलना करते, आणि काहींत झुकण्याचा कोनही धरते. झुकल्यावर गोल टायरचा प्रत्यक्ष घेर किती कमी होतो हे तिच्या हिशेबात असतं. सपाट टायर तो हिशेब बिघडवतो. जुन्या, साध्या एबीएसच्या गाडीत फरक पडणार नाही.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. साइडकार जोडलेली मोटारसायकल किंवा मागे दोन चाकं असलेली ट्राइक झुकत नाही. तिथे गोल टायर चुकीचा आणि सपाट टायर बरोबर. ट्राइकच्या मागच्या चाकांना कारचे टायर असतात ते कारच्या धाटणीच्या रिमवरच, त्यामुळे बीडचाही प्रश्न येत नाही. साइडकारवाले जाणकार लोकही आधी रिम बदलतात, मग टायर. कारचा टायर वाईट नाही. त्याला लागणारी रिम आणि न झुकणारी गाडी दिली तर तो उत्तम चालतो.

मग तुमच्या झिजणाऱ्या टायरचं काय? तुमच्या प्रश्नात सगळं होतं, एक सोडून: हवेचा आकडा. मधोमध सपाट होणारा मागचा टायर पाहिला की मी आधी गेज मागतो. जोडीदार आणि सामान असताना कंपनीने सांगितलेला पूर्ण दाब, तोही सकाळी गाडी हलवण्याआधी, थंड टायरवर मोजलेला. पेट्रोल पंपावर गरम टायरवर ४१ भरलेत तर थंड झाल्यावर तो खूप खाली येतो, कारण दर पाच-सहा अंश सेल्सियसला सुमारे एक पीएसआयचा फरक पडतो. चार-पाच पीएसआय कमी ठेवून चारशे किलोची भरलेली गाडी महामार्गावर पळवली की टायर तापतो, वाकतो आणि मधूनच जातो. स्वतःचं चांगलं गेज घ्या, पंपावरच्याला विसरा.

डब्यांत किती वजन जातं तेही एकदा काट्यावर बघा. टूरिंगवाले लोक डब्यांची क्षमता किती किलोची आहे हे वाचत नाहीत, किती पिशव्या मावतात तेवढं बघतात.

टायर निवडतानाही भरपूर फरक पडतो. जड टूरिंग आणि क्रूझर गाड्यांसाठी असे मागचे टायर मिळतात ज्यांच्या मधल्या पट्ट्याचं रबर कठीण आणि दोन्ही बाजूंचं मऊ असतं. सरळ चालताना मधला पट्टा झिजायला वेळ लावतो, वळणात मऊ रबर पकड देतं. तुमच्या मापात तसा टायर आहे का बघा, आणि भार निर्देशांक गाडीच्या पुस्तिकेत आहे तेवढा किंवा जास्त असल्याची खात्री करा. स्पोर्ट-टूरिंगचा चिकट टायर घेऊन तो पंधरा हजार चालावा ही अपेक्षा धरू नका. थ्रॉटल हाही कारणांत असतो. सहा सिलिंडरच्या गाडीला ओव्हरटेकसाठी दर वेळी जोरात पिळायची गरज नसते.

हे सगळं वाचूनही तुम्ही बसवणारच असाल, तर निदान एवढं करा. फक्त मागच्या चाकाला, पुढच्याला कधीही नाही. पुढच्या टायरवर सगळं वळणं आणि सगळं थांबणं अवलंबून असतं. चाळीस पीएसआयला बीड बसला नाही तर तिथेच थांबा, तो टायर परत करा. टायर बसल्यावर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), ब्रेकची नळी, मडगार्ड यांपासून अंतर मोजा, भार टाकून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबूनही. व्हॉल्व्हसमोर खूण करा आणि दर आठवड्याला बघा; खूण सरकली असेल तर टायर त्याच दिवशी उतरवा. जोडीदाराला मागे बसवण्याआधी मोकळ्या मैदानात एकट्याने अचानक चुकवण्याचा सराव करा, कोरड्यावर आणि ओल्यावर, दोन्ही बाजूंनी. गाडी दुसऱ्याला चालवायला देऊ नका. पुढे विकताना घेणाऱ्याला टायरबद्दल तोंडी नाही, लिहून सांगा, कारण त्याला बघून कळणारच असं नाही, आणि पहिल्या वळणावर त्याचा हात तुमच्यासारखा सरावलेला नसेल.

आणि एक बदल लगेच करून बघण्यासारखा आहे. सध्याच्या टायरची नक्षी मध्यभागी आणि मध्यापासून दोन बोटं बाजूला अशी दोन्हीकडे मोजून लिहून ठेवा. पुढचे दोन हजार किलोमीटर रोज सकाळी थंड टायरवर पूर्ण दाब ठेवून चालवा आणि पुन्हा मोजा. आधी याच टायरने दर हजारी किती मिलिमीटर गमावले होते त्याच्याशी ते जुळवलं की कळेल, तुम्हाला टायर बदलायचा आहे की फक्त पंपावरचं गेज.